नानांच्या पिशवीतले चेक आणि माझी पहिली थ्रिलर

माझ्या कादंबरीत एकही खून नाही. पिस्तूल नाही, बॉम्ब नाही, आणि पाठलाग आहे तो एकच, तोही पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यापर्यंतचा. तरीही मी तिला थ्रिलरच म्हणते. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, चांदवड या पट्ट्यात ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना यात कुठला थरार असेल हे मी न सांगताही कळेल.

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. बाग दोन एकर, वाण थॉमसन. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची छाटणी, मग थंडीभर फवारण्या, जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) बुडवण्या, पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या. औषधं आणि खतं दुकानातून उधारीवर येतात, पीककर्ज सोसायटीचं असतं. वर्षभराचं सगळं देणं एकदाच, माल गेल्यावर फेडायचं. जानेवारी ते एप्रिलच्या त्या थोड्या आठवड्यांत जो व्यापारी बागेत येतो, त्याच्या हातात घराचं अख्खं वर्ष असतं.

तो व्यापारी बहुतेक वेळा बाहेरचा असतो. इकडे गाळा किंवा शेड भाड्याने घेतो आणि गावातला एखादा मध्यस्थ हाताशी धरतो. शिवार खरेदी म्हणजे सौदा जागेवर, बांधावरच. फळं-भाजीपाला 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, तेव्हा कुठेही विकायची मोकळीक मिळाली हे खरं. पण बांधावरचा सौदा मोडला तर दाद कुठे मागायची, याचं उत्तर शेतकऱ्याकडे नव्हतं. हातात असते एक चिठ्ठी, तीवर वजन आणि भाव. कधीकधी तर खाली सहीसुद्धा नसते.

2019 च्या हंगामात नानांकडे असाच एक व्यापारी आला. नानांचा त्याच्यावर विश्वास कशामुळे बसला ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं, आणि ती गोष्ट जशीच्या तशी कादंबरीत आली आहे. पिकलेल्या द्राक्षावर एक पांढरट थर असतो. बोट लागलं की तो पुसला जातो, मणी चमकायला लागतो आणि मालाची किंमत उतरते. त्या माणसाने बागेत शिरल्यावर घड हातात घेतला तो देठाला धरून. मण्याला बोट लावलं नाही. उजेडाकडे धरून पाहिला, एक मणी खालच्या टोकाचा तोडून खाल्ला, कारण गोडी सगळ्यात शेवटी टोकाच्या मण्यात उतरते. मग त्याने बाजारभावापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त सांगितले. "धंद्यातला माणूस होता ताई," नाना म्हणाले. "मालाला हात लावायची रीत होती त्याला."

पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख आले, वेळेवर. नंतरच्या गाड्यांना चेक. चेक देताना तो म्हणाला, आज टाकू नका, वरून पेमेंट येतंय, आठवडाभर थांबा. आठवड्याने पुन्हा तेच. बाग संपली, शेड रिकामी झाली, फोन लागत होता तो लागेनासा झाला.

इथे माझा या गोष्टीशी संबंध सांगायला हवा. मी नाशिकमध्ये एका बँकेत नोकरी करते आणि त्या काळात माझं टेबल क्लिअरिंगचं होतं. दिवसभर माझ्या हाताखालून चेकच जायचे. कुठला चेक वटला, कुठला परत गेला, कुठल्यावर खाडाखोड आहे, कुणाची सही जुळत नाही, हेच माझं काम. आणि माझे वडील दर पंधरा दिवसांनी द्राक्षं, मेथी, बाजरीचं पीठ घेऊन माझ्या घरी यायचे, चहा घ्यायचे, नातीचा अभ्यास बघायचे आणि परत जायचे. खिशात किंवा घरी असे चेक आहेत हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही.

ते मला दिवाळीच्या आधी कळलं, तेही आईकडून. ऑक्टोबर छाटणीला पैसे नव्हते आणि दुकानदार नवी उधारी द्यायला तयार नव्हता. आईने देवघराच्या मागून पासबुकाची कापडी पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चेक नीट घडी न मोडता ठेवलेले होते, प्लॅस्टिकच्या पाकिटात. चेकच्या खालच्या पट्टीत नऊ आकडे असतात, त्यांतले पहिले तीन शहराचे. नाशिकचे 422. सवयीने माझी नजर आधी तिथेच गेली. आकडे आमच्याकडचे नव्हतेच. मग तारखा पाहिल्या. चेकची मुदत तीन महिन्यांची. सगळे शिळे झाले होते.

"थांबा" म्हणण्यामागचा त्याचा हिशोब मला त्या क्षणी कळला. चेक बँकेत टाकून परत आला, तर चेक बाउन्सचा कायदा, म्हणजे कलम 138, लागू होतो. परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर 15 दिवस पैसे द्यायला, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. पण चेक मुदतीत टाकलाच नाही तर या साखळीची पहिली कडीच तयार होत नाही. शेतकऱ्याला गोड बोलून तीन महिने थांबवलं की त्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार बोथट होतं. त्या व्यापाऱ्याला पळून जायचीही घाई नव्हती.

आम्ही फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो. "हे दिवाणी स्वरूपाचं आहे" हे वाक्य मी तिथे पहिल्यांदा ऐकलं आणि नंतर इतर शेतकऱ्यांच्या तोंडून कितीतरी वेळा. पुढे ग्रामीण पोलिसांनी अशा प्रकरणांत मोहीम घेतली, काही शेतकऱ्यांचे पैसे परतही आले. नानांचे आले नाहीत.

लिहायला सुरुवात झाली ती यानंतर. राग होताच, पण नुसत्या रागावर मी दोन-चार पानांपुढे गेले नसते. मला छळत होतं ते वेगळंच. ते तीन महिने नाना काय करत होते? रोज सकाळी पिशवी उघडून बघत होते का? माझ्या घरी चहा पिताना त्यांच्या मनात काय चाललं होतं? मुलगी चेकचंच काम करते आणि बाप चेकबद्दल बोलत नाही, याचं कारण काय? मध्यस्थ आमच्या नात्यातला होता, एवढं नंतर कळलं. सांगितलं असतं तर मी चौकशी केली असती, चौकशीत त्याचं नाव आलं असतं, आणि मग लग्नाकार्यात कुणी कुणाकडे जायचं हा प्रश्न उभा राहिला असता. नानांनी पैशापेक्षा नातं झाकलं. हे मी त्यांना विचारू शकत नव्हते. आमच्या घरात बापाला असं समोर बसवून विचारत नाहीत. कादंबरीत मात्र मी त्या शेतकऱ्याच्या शेजारी पाहिजे तितका वेळ बसू शकत होते.

आणि ती थ्रिलरच व्हायला हवी होती, याबद्दल मला पहिल्यापासून शंका नव्हती. शेतकऱ्याच्या दुःखावर आपल्याकडे खूप लिहिलं जातं. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. मला वाचकाने हळहळायला नको होतं. त्याने तारखा मोजायला हव्या होत्या. म्हणून मी एकच गोष्ट बदलली: कादंबरीतल्या मुलीला पिशवी सापडते तेव्हा शेवटच्या चेकची मुदत संपायला नऊ दिवस उरलेले असतात. आमच्या घरी न मिळालेले नऊ दिवस मी तिला दिले. बाकी सगळं त्यातून आपोआप उभं राहिलं.

पहाटे उठून, नोकरीला निघण्याआधी लिहायचे. सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचे. 1840 मध्ये सुरू झालेली ही संस्था आम्हा नाशिककरांसाठी नुसती 'सावाना' आहे. तिथे जुन्या वर्तमानपत्रांत द्राक्ष हंगामाच्या बातम्या चाळताना लक्षात आलं की फसवणुकीची बातमी जवळजवळ दर वर्षी एप्रिल-मेमध्ये येते, आतल्या पानावर, चार ओळींत. गावं बदलतात, मजकूर तोच. त्या चार ओळींच्या मागे प्रत्येक वेळी एक पिशवी असणार, या विचाराने मी परत टेबलाशी बसायचे.

सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात एक वकील मैत्रीण आहे. तिने जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मला नोटिशीपासून समन्सपर्यंतचा सगळा प्रवास समजावला, आणि आरोपी पत्ता बदलत राहिला की तारखा कशा पडत जातात तेही. एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी जबाब कसा लिहून घेतात ते सांगितलं. त्यांचं एक म्हणणं मला फार उपयोगी पडलं. फसवणारा माणूस फसवताना खोटं कमी बोलतो, असं त्यांचं मत. तो खरंच माल घेतो, खरंच काही पैसे देतो, खरंच भाव जास्त देतो. खोटं फक्त शेवटी असतं. मी खलनायकाचे सगळे संवाद पुन्हा लिहिले ते यानंतर. आधी तो बोलला की वाचकाला लगेच वास यायचा. आता तो मजुरांना चहा पाजतो, म्हाताऱ्या आजीच्या पाया पडतो, आणि मला स्वतःला तो वाचताना आवडतो. तसाच तो नानांनाही आवडला असणार.

पहिला खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "चोर कोण ते तिसऱ्या पानावर कळतं गं, मग मी पुढे का वाचू?" मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि चोर तिसऱ्या पानावरच ठेवला. आमच्याकडे व्यापाऱ्याचं नाव गावातल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. बोललं जात नाही ते नाव मध्यस्थाचं, ज्याने "माझा माणूस आहे, मी बसलोय ना" म्हणत त्याला बांधावर आणलं. रहस्य मी तिथे हलवलं. नायिका व्यापाऱ्याला शोधत जाते आणि प्रत्येक धागा तिला तिच्याच भावकीच्या ओट्यावर आणून सोडतो. हे प्रकरण लिहिताना माझा हात जड झाला, कारण आमच्याकडचा तो माणूस आजही दसऱ्याला सोनं द्यायला येतो. गावाचं नाव, नातं, वय, धंदा, सगळं बदललं. आईने तरी ओळखलंच. तिने वाचलं, पानं नीट लावून ठेवली आणि म्हणाली, "राहू दे. कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं."

नाशिक रंगवायचा मोह खूप झाला. काही जणांनी सुचवलं की शेवट रामकुंडावर घे, कुंभाच्या गर्दीत घे, चित्रपटासारखा होईल. पण माझ्या माणसांचं नाशिक द्वारकेच्या सिग्नलवर अडकलेल्या गाडीतलं, आडगाव नाक्यावरचं, ओझरजवळच्या दहाव्या मैलावरचं आहे. बँक बंद व्हायच्या आत चेक पोहोचवायचा आहे आणि द्वारकेला गाडी हलत नाही. नाशिककराला यापेक्षा जास्त ताण कुठल्या पाठलागात येईल असं मला वाटत नाही.

पूर्ण झालेलं हस्तलिखित मी नानांना दिलं. तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. दुपारची कामं आटोपली की ओट्यावर चष्मा लावून बसायचे, हातात नातीची पेन्सिल. बऱ्याच पानांवर खुणा निघाल्या. "फेब्रुवारीत डाऊनी नाही, भुरी लिही." (दोन्ही द्राक्षावरचे बुरशीचे रोग.) "कात्रीने मणी विरळतात ते इतक्या उशिरा नाही." "क्रेट असा धरत नाहीत." सगळ्या दुरुस्त्या मी केल्या. चेक घरात पडून असतानाच्या प्रकरणात मी लिहिलं होतं की शेतकरी रात्री उशिरा का होईना झोपी जातो. त्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "नाही लागत." मी विचारू शकले नव्हते त्याचं उत्तर मला त्या दोन शब्दांत मिळालं. मग ते प्रकरण मी पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलं.

शेवटावरून मात्र आमचं जमेना. नानांना एवढंच हवं होतं की त्या शेतकऱ्याचे पैसे मिळावेत, सगळे. मला ते खोटं वाटत होतं. नायिका मुदतीत चेक टाकते, तो परत येतो, नोटीस जाते, व्यापारी सापडतो आणि कोर्टात उभा राहून गुन्हा नाकारतो, इथवर मी आले होते. पुढे काय, हे वकील मैत्रिणीने सुचवलं. 2018 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 143अ आलं आहे. खटला चालू असतानाच न्यायालय चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं. मी तो शेवट लिहिला. खटला संपत नाही, पण वीस टक्के मिळतात.

नानांनी शेवटचं पान वाचलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कादंबरीतल्या रकमेचा हिशोब मांडला. औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं व्याज, छाटणीची मजुरी. बेरीज दोनदा तपासली.

"छाटणी होऊन जाते याच्यात," ते म्हणाले. "राहू दे मग."

तोच शेवट छपाईला गेला आहे.