उदबत्तीचा धूर खाली वळला तेव्हा

गरम वस्तू पंख्याशिवाय थंड करण्याच्या माझ्या एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी मी टेबलावर मांडणी केली होती ती अगदी साधी. दहा बाय पंधरा सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, खाली साडेसात वॅटचा हीटर आणि पट्टीच्या वर दोन सेंटीमीटरवर ताणलेली, केसाएवढी बारीक तार. पट्टीला अर्थिंग, तारेला नऊ किलोव्होल्ट. व्होल्टेज चढवत नेलं तसा आधी बारीक 'सूं' आवाज आला. दिवे मालवले तर तारेभोवती जांभळट उजेड. हाच कोरोना, म्हणजे जास्त व्होल्टेजमुळे तारेभोवतीच्या हवेत होणारा विद्युत विसर्ग.

लॅबमधल्या मामांनी उदबत्ती लावून जवळ धरली. धूर सरळ वर चालला होता, तो तारेपाशी येताच मुरडला आणि पट्टीवर आदळून दोन्ही बाजूंना पसरला. "मॅडम, पंखा कुठंय?" मामांनी विचारलं. पंखा नव्हताच. तारेजवळच्या तीव्र विद्युत क्षेत्रात हवेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, उरलेले धन आयन पट्टीकडे खेचले जातात आणि वाटेत साध्या रेणूंना धडका देत त्यांनाही सोबत नेतात. हा वारा जुनाच आहे. घासलेली काचेची नळी चेहऱ्याजवळ नेली की झुळूक जाणवते, हे फ्रान्सिस हॉक्सबी यांनी 1709 मध्येच नोंदवलं होतं.

गरम पट्टीला हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक. म्हणजे पट्टीने गोधडीच पांघरलेली असते. कोरोनाचा वारा थेट त्या गोधडीत घुसतो. माझी पट्टी 82 अंशांवरून 61 वर आली. करंट होता 80 मायक्रोॲम्पिअर, म्हणजे खर्च पाऊण वॅटसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मी तोच आकडा तीनदा तपासला. 2007 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी चिप थंड करण्यासाठी हेच तत्त्व वापरलं होतं, ते वाचूनच मी हा विषय घेतला होता.

दोन आठवड्यांनी मात्र पट्टी पुन्हा सत्तरच्या पुढे गेली. व्होल्टेज तेच, करंट निम्मा. भिंगातून पाहिलं तर तारेवर पांढरी दाढी उगवलेली! हीटरच्या कडा मी सिलिकॉन सीलंटने बंद केल्या होत्या. त्याची वाफ कोरोनात जळून तारेवर सिलिका साचत होती, वर लॅबमधली धूळ. सप्लाय बंद करून, तार अर्थ करून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि करंट लगेच परत आला.

माझ्या मते खरी अडचण ही आहे. ओझोनचा वास येतोच, त्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते. पण सहा महिने कोणी हात न लावता तार स्वच्छ राहिली, तरच हा वारा एखाद्या यंत्रात बसवता येईल. जुन्या झेरॉक्स मशीनमध्येही कोरोनाची तार असते आणि ती पुसायला तारेवरून सरकणारा फेल्टचा तुकडा. मामांनी भंगारातून तसा एक आणून दिलाय. सध्या तो माझ्या तारेच्या मापाचा करतेय.