पाचपैकी साडेचार, पण मोजे?

परवा स्कोलिओसिसच्या (पाठीचा कणा बाजूला वाकतो तो आजार) ऑपरेशनला दोन वर्षं झाली म्हणून फॉलोअपला गेले. एक्स-रे काढला, डॉक्टर खूश, बाक ५८ डिग्रीवरून २४ वर आलाय आणि तिथेच टिकलाय. मग नर्सनी पाठीच्या त्रासाबद्दल पेशंटनेच भरायचा तो नेहमीचा फॉर्म हातात दिला, एसआरएस-२२. स्कोलिओसिसवाल्यांना माहीत असेल, २२ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, आणि त्यातले शेवटचे दोनच समाधानाचे. उपचाराच्या रिझल्टवर समाधानी आहात का, आणि पुन्हा हीच वेळ आली तर हेच उपचार घ्याल का.

पहिल्याला मी ५ दिले, दुसऱ्यावर पेन जरा अडलं. शेवटी 'बहुतेक हो', म्हणजे ४. सरासरी साडेचार. कागदावर मी एकदम सुखी पेशंट!

घरी येऊन या फॉर्मबद्दल वाचत बसले (झोप तशीही येत नाही एका कुशीवर). स्पॅनिश, तुर्की, चिनी, जपानी, कितीतरी भाषांत तो गेलाय आणि त्यावरून देशोदेशीच्या पेशंटची तुलना होते. पण प्रश्न बघा ना. पाठीमुळे घरात पैशाची ओढाताण होते का? आता जिथे सरकार किंवा इन्शुरन्स सगळं बिल भरतं तिथला माणूस आणि जिथे खिशातून जातं तिथला माणूस, दोघांची पाठ सारखीच असली तरी उत्तर वेगळंच येणार की. मित्रमैत्रिणींपेक्षा तुम्ही कमी बाहेर जाता का, हा अजून एक. आणि आत्ताच्या पाठीसकट तुम्ही स्वतःला आकर्षक वाटता का, याचं तर भाषांतर करणाऱ्याची मला दयाच आली, साठीच्या बाईला हे कुठल्या भाषेत विचारायचं?

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. माझे मणके छातीपासून थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत रॉड आणि स्क्रूंनी जोडलेत, म्हणजे कंबर वाकतच नाही. दुखणं खूप कमी झालं हे खरं, पण वाकणं गेलं. आणि या २२ प्रश्नांत ताठपणाबद्दल एकही सरळ प्रश्न नाही. त्यासाठी नंतर वेगळी १० प्रश्नांची यादी निघाली, त्यात मोजे-बूट घालता येतात का, टॉयलेटनंतर स्वच्छता करता येते का, खाली पडलेली छोटी वस्तू उचलता येते का असं सगळं आहे, म्हणजे रोजचं जगणं. जपान, कोरियात जमिनीवर बसण्या-झोपण्याची सवय असलेल्यांना तर हे किती लागत असेल, कारण खुर्चीवरून उठणं आणि जमिनीवरून उठणं यात या पाठीला आकाशपाताळाचा फरक पडतो.

आणि एक गंमत, मोठ्या वयात बाक किती डिग्री सरळ झाला यापेक्षा बाजूने बघितलं तर माणूस पुढे झुकलेला आहे की सरळ उभा आहे याचा त्रासाशी जास्त संबंध असतो, २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासानंतर हे सगळेच मानायला लागले. त्यामुळे माझ्या ५८ च्या २४ चं कौतुक डॉक्टरांनाच जास्त. मला कौतुक याचं की भाजी चिरताना ओट्यावर कोपर टेकावं लागत नाही.

धोका काही कमी नव्हता हां. अवघड केसेस असलेल्या २७२ मोठ्या माणसांचा तीन खंडांतल्या १५ सेंटरमधला अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात घरी सोडताना साधारण २२ टक्के लोकांच्या पायातली ताकद आधीपेक्षा कमी झालेली होती, सहा महिन्यांनी ते प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आलं. मला हे आधी सांगितलं होतं, सही करताना हात कापत होता. माझेही डाव्या पायाचे तीन महिने वाईट गेले, तरी ५ दिलेच ना मी! बहुतेक आधीच सांगितलं होतं म्हणूनच.

फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेनाने लिहून आले, 'मोजे नवरा घालून देतो.' नर्सनी वाचलं, हसली, आणि म्हणाली, "ताई, हे मी कुठल्या रकान्यात भरू?"