जगाचं कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, आपल्याकडं प्यायला टँकर लागतो आणि तुम्ही पोरांना उत्तर ध्रुवाचा बर्फ काय सांगत बसता?”

हे मी पहिल्यांदा स्टाफरूममध्ये ऐकलं. मग पालकसभेत, मग सख्ख्या भावाच्या तोंडून. दर जूनमध्ये झाडं लावायला शहरातून मंडळी येतात, तीही हेच विचारतात, फक्त गोड शब्दांत: आधी लोकल प्रश्न घ्या ना, मुलं जास्त कनेक्ट होतील. मी अर्धंमुर्धं काहीतरी बोलते, तेवढ्यात घंटा होते. आज सुट्टी आहे, आज सगळं सांगते.

आधी एक स्पष्ट करते. कुणाचंही पोर मी मोर्च्याला नेलेलं नाही. भूगोलाचा पोर्शन माझा कधी मागे राहिलेला नाही. पर्यावरण मी हौसेनं शाळेत घुसडलेलं नाही, तो विषय सक्तीनं शिकवा असं सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच सांगितलंय. आणि मी बीड जिल्ह्यातलीच आहे. टँकरपुढं हंडा लावून, नंबर येईपर्यंत तिथंच अभ्यास करून मी शिकले. पाण्याचं मोल मला कुणी समजावू नये.

हे सगळं खरं असलं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही, हेही मला कळतं. तुम्हाला विचारायचंय ते असं: ज्यांचे आईबाप सहा-सहा महिने ऊसतोडीच्या फडावर असतात, त्या लेकरांच्या डोक्यावर वरून जगाचं ओझं कशाला? हा प्रश्न रास्त आहे. 2019 पासून मीच तो मला विचारते आहे.

2018 च्या ऑगस्टमध्ये हवामान बदल थांबवा म्हणत स्वीडनच्या संसदेबाहेर 15 वर्षांची ग्रेटा थुनबर्ग एकटी पाटी घेऊन बसली, आणि 20 सप्टेंबर 2019 ला जगभरातली लाखो पोरं शाळा सोडून रस्त्यावर आली. मी मोबाइलवर ते बघत होते आणि अंगावर काटा येत होता. त्याच आठवड्यात 16 मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडं तक्रार केली, त्यात हरिद्वारची रिद्धिमा पांडे होती. तिचा फोटो मी वर्गात लावला. आपली पोरं यात का नाहीत, या विचारानं मला झोप लागेना.

मग मी इंटरनेटवरून कार्बन फूटप्रिंटची, म्हणजे आपल्या राहणीमुळं हवेत किती कार्बन जातो ते मोजायची, प्रश्नावली काढली, रात्री बसून मराठीत केली, नववीसाठी 42 झेरॉक्स काढल्या. घरात फ्रीज आहे का. गाड्या किती. आठवड्यातून मांसाहार किती वेळा. वर्षातून विमानप्रवास किती. प्रत्येक उत्तराला गुण. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो पृथ्वीचा खरा मित्र, आणि त्याला हिरव्या कार्डशीटचा तारा.

सगळ्यात कमी गुण तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचे आले. घरी चूल. एक बल्ब. गाडी नाही. मटण फक्त जत्रेला. सहा महिने मुक्काम फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिथं तो एक बल्बही नाही. प्रवासाच्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ट्रकनी, जाऊन येऊन’.

मी तिला पुढं बोलावलं. तिच्या ओढणीला टाचणीनं तारा लावला. साऱ्या जगानं हिच्या घराकडून शिकलं पाहिजे, असं वर्गाला सांगितलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. ती माझ्याकडं बघत नव्हती. टाचणीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या हजेरीपटात एक घडी घातलेला कागद होता. तीच प्रश्नावली. फ्रीजपुढचं ‘नाही’ खोडून ‘आहे’ केलेलं. मोटारसायकल 1, मोठी गाडी 1. मांसाहार आठवड्यातून 4 वेळा. विमानप्रवास 2. रबर घासून घासून एके ठिकाणी कागद फाटला होता, तिथं मागून वहीचा तुकडा चिकटवून त्यावर नवीन उत्तर लिहिलं होतं. खाली गुणांची बेरीज पुन्हा केलेली, आणि बेरीज बरोबर होती. आता तिचे गुण वर्गात सगळ्यात जास्त होते. घडीत तारा होता, टाचणीसकट.

खरं सांगते, मला आधी रागच आला. व्हरांड्यात बोलावून मी तिला विचारलं, “खोटं का लिहिलंस?”

ती म्हणाली, “चांगलं लिवलंय मॅडम.”

एवढंच. मला तेव्हा त्याचा अर्थही नीट लागला नाही. दिवाळी झाली आणि ती आईबापाबरोबर सांगलीकडं गेली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये टोळ्या कारखान्यांवर अडकल्या, एप्रिलात घरी आल्या. ती आली तेव्हा शाळा बंद होती, आणि शाळा उघडेपर्यंत तिचं लग्न होऊन गेलं होतं.

माझ्या ताऱ्यामुळं तिची शाळा सुटली असं मी म्हणत नाही. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली होती, सांभाळायला धाकटा भाऊ होता, ती जाणारच होती. पण जाताना शाळेनं तिला शेवटचं काय दिलं, तर ‘तुझी गरिबी छान आहे’ असं चारचौघांत दिलेलं सर्टिफिकेट. ते मी दिलं. तो कागद माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही.

पुढं वाचताना कळलं की हा कार्बन फूटप्रिंट शब्द घराघरांत पोचवला तो बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींनी. म्हणजे तेल ज्यांनी उपसून विकलं त्यांनी प्रश्न विचारायचे, आणि ज्या घरात तेलाची बाटली आठवडाभर पुरवतात त्या घरातल्या मुलीनं शोधून शोधून उत्तरं भरायची. भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत 14 टनांच्या आसपास. आमच्या वर्गातलं कुठलं पोर त्या 2 टनांपर्यंत तरी पोचेल का? हे आकडे आधी फळ्यावर लिहून मग प्रश्नावली वाटली असती तर वर्ग वेगळा झाला असता. मी लिहिले नाहीत, कारण मला मुलांनी चांगलं वागायला हवं होतं. चिडायला नको होतं.

तुम्ही म्हणाल, मग झालं की. जगाचा नाद सोडा, गावाचं बघा. तेही केलं. दोन वर्षं मी जग हा शब्द काढला नाही. शोषखड्डे खणले, विहिरींची पातळी मोजली, बांधावर लावायला सीताफळाच्या बिया गोळा केल्या. चांगलं काम होतं, आजही करतो. पण 2023 चा ऑगस्ट कोरडा गेला. नुसता आपल्याकडं नाही, 1901 पासूनच्या नोंदींत देशाला इतका कोरडा ऑगस्ट मिळालेला नाही. पोरं विचारायला लागली, मॅडम, आपण शोषखड्डे खणले, मग पाऊस कुठं गेला? आता काय सांगू? एल निनो सांगायचा तर पॅसिफिक महासागर आलाच. तिथलं पाणी तापलं की दर वेळी आपल्याकडं दुष्काळ पडतो असं नाही, पण त्या वर्षी ते तापलं होतं आणि सोयाबीन फुलोऱ्यातच वाळत होतं. मी खोटं सांगू का, की आपल्या गावानं झाडं कमी लावली म्हणून पाऊस आला नाही? तसं सांगणारे फलक गावोगाव रंगवलेत. लेकरं ते वाचतात आणि आपलाच दोष समजतात.

एका मुलाची आजी सांगते, बहात्तरला खायाला नव्हतं पण हिरीला पाणी होतं, सोळाला दुकानात गहू होता आन् पाणी नव्हतं. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते याच पोरांनी बालवाडीत असताना टीव्हीवर पाहिलंय. दुष्काळ बदललाय हे आजीला कळतं. तो का बदलला हे नातवाला विचारायचा हक्क आहे, आणि उत्तर शिवेबाहेर जात असेल तर मी शिवेपाशी थांबू का?

आणि लोकल म्हणजे नेमकं काय, हे मला कुणीतरी सांगा. गेल्या वर्षी नववीत आम्ही उसाचा हिशेब केला. पोरांनी आईबापाला विचारून आकडे आणले. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला साधारण दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो, गाडी भरतो. 2024 च्या सुरुवातीला तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला, म्हणजे दोघांचे मिळून 732. टनभर उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर अंदाजे 70 लिटर निघतं. दोन टनांचं 140. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं, आधी 2030 साठी ठरलेलं हे उद्दिष्ट सरकारनं 2025 वर आणलं. मग 140 लिटरमध्ये असं मिसळलेलं पेट्रोल किती होईल? मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, खडू घेऊन भागाकार केला: 700 लिटर. फळ्यावर एका बाजूला 700, दुसऱ्या बाजूला 732. वर्ग बराच वेळ तिकडं बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, “म्हंजी आमच्या आईमुळं जगाचा धूर कमी होतोय का?” त्याच्या आवाजात अभिमान होता. मी हो म्हणणार, तोच पुढच्या बाकावरची एक जण म्हणाली, “आन् ऊस पाणी किती पितो ते?” तास संपेपर्यंत दोघांचं भांडण चाललं. मी मध्ये पडले नाही. 2019 ला मला हे हवं होतं. तेव्हा मी तारे कापत बसले होते.

पण 2019 ची ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, तीही मला सोडत नाही. ती म्हणते, माझ्या वर्गात पोरं हसत तरी होती. तुझ्या वर्गात हिशेब करतात आणि घरी जाऊन जेवत नाहीत. खरंच, एका आईनं येऊन सांगितलं, पोरगी म्हणते तू स्वस्तात राबतेस, आता फडावर जाऊ नको. उचल कोण फेडणार, मॅडम? माझ्याकडं उत्तर नव्हतं. रिद्धिमाचं पुढं काय झालं, हेही मुलांनी विचारलं. हरित लवादानं, म्हणजे आपल्याकडच्या पर्यावरणाच्या कोर्टानं, तिची आधीची याचिका 2019 च्या जानेवारीतच फेटाळली होती, आणि बालहक्क समितीनं 2021 मध्ये सांगितलं की आधी ज्या देशांविरुद्ध तक्रार आहे तिथल्या कोर्टांत जाऊन या. हे सांगताना माझा घसा सुकला. लपवावं असंही वाटलं. ज्या पोरांना दार दाखवायचं त्यांना ते बंद आहे हेही सांगायचं, तर दाखवायचं कशाला, असं तुम्ही म्हणालात तर मी भांडणार नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्याकडं नुसतं पीक गेलं नाही, ओढ्याकाठची माती खरडून गेली, खाली खडक उघडा पडला. त्या आठवड्यात मी वर्गात हानी आणि नुकसान निधीबद्दल सांगितलं. 2022 मध्ये इजिप्तच्या हवामान परिषदेत तो मान्य झाला, 2023 मध्ये दुबईत सुरू झाला. ज्यांनी हवा बिघडवली त्यांनी सोसणाऱ्या देशांना मदत करायची, असं त्यामागचं म्हणणं. 700 चा भागाकार करणाऱ्या मुलानं विचारलं, अर्ज कुठं करायचा? मी सांगितलं, बाळा, तो सरकारांनी करायचा असतो.

सोमवारी त्यानं अर्ज लिहून आणला. मराठीच्या पुस्तकातल्या नमुन्याप्रमाणं, समास सोडून. विषय: जगातल्या धुरामुळे आमची एक एकर माती वाहून गेल्याबाबत. खाली गट नंबर, पंचनाम्याची तारीख, आजोबांचा अंगठा. आणि वर ‘प्रति, मा. तहसीलदार साहेब’. त्याला ठाऊक असलेला अर्ज तिथंच जातो.

माझ्या हातात लाल पेन होतं. शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या, ‘प्रति’ची ओळ तशीच ठेवली.

येत्या बुधवारी तो तहसीलला जाणार आहे. तुम्ही बरोबर चला म्हणतोय. बुधवारी मला नववीचे दोन तास आहेत, आणि मी अजून रजेचा अर्ज दिलेला नाही.