ताप गेला, मनगटं राहिली

भांडुपच्या माझ्या दवाखान्यात ताई आल्या त्या नवऱ्याचा हात धरून. घरून पोळीभाजीचे डबे देतात, रोजच्या दीडशे पोळ्या. "कणीक मळवत नाही हो डॉक्टर," म्हणाल्या आणि मूठ वळून दाखवायला गेल्या. अर्धीच वळली. मनगटं, घोटे सुजलेले.

ऑगस्टमध्ये ताप आला तेव्हा माझ्याकडेच आल्या होत्या. चिकुनगुनिया. त्याच आठवड्यात २२ वर्षांचा मुलगाही तापाने पडला, पण दहाव्या दिवशी मैदानात बॉलिंग टाकत होता. त्याच्याकडे बघून मी ताईंनाही सांगून मोकळा झालो, "पंधरा दिवसांत जाईल." आता डिसेंबर उजाडला होता. तीन महिन्यांपुढे गेलेलं हे दुखणं आम्ही जुनाट धरतो.

"पोरगा ठणठणीत, मग हिलाच कसं होतं?" नवरा म्हणाला. घरात काय ऐकावं लागत असेल ते कळलं.

जुना केसपेपर काढला. वय ४९. मधुमेह. गुडघे आधीपासून दुखरे. पहिल्या आठवड्यात तर कूस बदलता येत नव्हती. चिकुनगुनिया रेंगाळतो तो बहुतेक अशांच्यातच: चाळिशी उलटलेली, त्यातही बायका जास्त, सांधे आधीच कुरकुरणारे, मधुमेह, आणि सुरुवातीलाच दुखणं जबर. सगळं माझ्याच अक्षरात होतं. लिहिलं होतं, वाचलं नव्हतं.

(या आजाराचं नाव टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतलं, अर्थ 'वाकवणारा'. ताईंना चालताना पाहून तो पटतो.)

मग नवऱ्याने खिशातून पुडी काढली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. "यानेच काय तो आराम पडतो." पडणारच, स्टेरॉइड होतं. पण त्याने साखर चढते. बोट टोचून साखर पाहिली: ३१२.

महिनाभर घेतलेली गोळी एकदम तोडता येत नाही, म्हणून ती हळूहळू उतरवायचा तक्ता लिहून दिला. साखरेचं औषध वाढवलं. अशी सूज आमवाताचीही असते, म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या त्याच्या रक्ततपासण्या करायला सांगितलं. शेकायचं कसं, बोटांचे व्यायाम कोणते, तेही दाखवलं.

"आणि कणीक?" नवऱ्याने विचारलं.

"बॉलिंग टाकतो ना, त्याला मळू दे."

"त्याला साधं पीठ चाळता येत नाही," ताई म्हणाल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला.