नाक, बॉनेट आणि गिअरची दांडी

२० जानेवारी २०१८, शनिवार. कँटन, मिशिगन

सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला आणि पाठ धरली. मग दुपारभर सोफ्यावर आडवं पडून तो एकच व्हिडिओ. फोर्डने या आठवड्यात जाहीर केलंय की नवी शेल्बी जीटी ५००, म्हणजे मस्टँगचा दणकट अवतार, पुढच्या वर्षी येतेय, ७०० हून जास्त हॉर्सपॉवरची. दाखवलं मात्र काहीच नाही. काळोख, एक-दोन चमकत्या कडा आणि इंजिनाची डरकाळी. अकराव्यांदा लावला तेव्हा ही म्हणाली, "अंधारच बघायचाय तर दिवा बंद करून बस की."

तरी वही काढलीच. मी पोटासाठी गाड्यांच्या दाराच्या आतलं प्लॅस्टिक कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढतो. या गाडीशी आमच्या कंपनीचा काडीचा संबंध नाही, हे बरंच आहे, नाहीतर असं काही लिहायची सोय राहिली नसती.

आधी नाक काढायला घेतलं. २०१३ च्या जीटी ५०० ला ६६२ हॉर्सपॉवर होती आणि तिला हवा कमी पडू नये म्हणून पुढच्या तोंडातली जाळीच काढून टाकली होती. शेवरलेच्या कॅमॅरो झेडएल१ वाल्यांनी तर कंपनीचं चिन्हसुद्धा आतून पोकळ केलंय, हवेसाठी. आता ७०० च्या वर जायचं, तेही सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, लावून. म्हणजे इंजिनाचं पाणी गार करायचं, तेल गार करायचं, दाबून तापलेली हवा गार करायची, गिअरबॉक्सचं तेल वेगळं. पेट्रोल जाळून मिळतं त्यातलं साधारण तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीची नुसती उष्णता. तेव्हा हिचं तोंड जीटी ३५० या धाकट्या शेल्बीपेक्षा बरंच मोठं असणार. खालचा ओठ जमिनीला टेकायच्या बेतात. मोठ्या आ वासलेल्या माशासारखं काहीतरी वहीत उतरलं. मुलीने त्याला डोळे काढून निळा रंग दिला.

रात्री अण्णांना फोन केला, तिकडे सकाळ. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाले. त्यांना चित्र पाठवलं. पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती?" मी ते टाळलं. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि म्हणाले, "अरे, एवढी हवा आत घेतोस, ती बाहेर कुठून सोडणार? खंबाटकीत गाडी तापली की आम्ही पाणी नंतर घालायचो, आधी बॉनेट उघडायचो."

मी वहीकडे बघतच राहिलो. बॉनेट मी कोरं ठेवलं होतं!

२१ जानेवारी, रविवार

झोप लागली नाही नीट. अण्णांचं म्हणणं फक्त गरमीपुरतं नाहीये. आत शिरलेली हवा कोंडली की ती बॉनेट वर ढकलते, म्हणजे पुढची चाकं हलकी होतात. ताशी अडीचशे किलोमीटरला ते परवडणारं नाही. मग भोक कुठे पाडायचं? काचेच्या पायथ्याशी नाही. तिथे समोरून येणारी हवा काचेवर आपटून दाब वाढतो, जुन्या कितीतरी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, तिथूनच इंजिनाला हवा आत ओढायच्या. तिथे खिडकी ठेवली तर बाहेर जायच्या ऐवजी आतच येईल. दाब कमी असतो तो बॉनेटच्या पुढच्या कडेनंतर, जिथे हवा नाकावरून वळण घेऊन वर चढते. तेव्हा खिडकी पुढे, रेडिएटरच्या लगेच मागे, आणि चांगली ऐसपैस. पावसाचं पाणी थेट इंजिनावर पडेल त्याचं काय, हे सुचलं नाही. सोडून दिलं.

१८ ऑगस्ट, शनिवार

वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून दर ऑगस्टला डेट्रॉईटबाहेरच्या या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आपल्याकडे वारी बघायला लोक सकाळपासून जागा धरतात, तशा खुर्च्या लावून माणसं बसलेली. पेट्रोलच्या वासाने डोकं भणभणलं, पण हललो नाही.

एक १९६७ ची जीटी ५०० दिसली. सात लिटरचं इंजिन, ग्रिलच्या मधोमध दोन गोल दिवे. मागचे लांबट लाल दिवे खरं तर तिचे नाहीतच, मर्क्युरी कूगरचे उचलून बसवलेले आहेत. जिच्यावर त्याचं नाव आहे तो कॅरोल शेल्बी हा मूळचा कोंबड्या पाळणारा माणूस, दिसेल ते वापरून गाडी उभी करायचा. आज ज्याला लोक अस्सल शेल्बी रूप म्हणून हात जोडतात त्यातलं बरंचसं असं शेजारच्या फडताळातलं आहे. म्हणून नव्या गाडीला तेच दिवे, तीच रेघ हवी असा हट्ट धरणाऱ्यांचं मला पटत नाही.

मालक आजोबा खुर्चीत बसले होते. नव्या गाडीचा विषय काढल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, क्लच असेल ना? मी म्हटलं, सगळे सात गिअरच्या ड्युअल क्लचबद्दल, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल, बोलतायत, पायाखालचा क्लच जाणार. त्यांनी मान हलवली आणि माझ्याशी बोलणं थांबवलं.

मी मात्र वहीत गिअरची दांडी काढूनच ठेवली आहे, वर पांढरा गोळा. मॅन्युअल नाही दिली तरी दांडी तर ठेवतील. उजव्या हाताला काहीतरी धरायला नको का?

१४ जानेवारी २०१९, सोमवार

आली. डेट्रॉईटच्या ऑटो शोमध्ये पडदा निघाला. मी ऑफिसात, मीटिंगमध्ये, टेबलाखाली फोन.

तोंड मोठं आहेच, पुढची उघडी जागा जीटी ३५० च्या दुप्पट. आणि बॉनेटवर खिडकी! ३१ इंच बाय २८ इंच, पट्ट्यापट्ट्यांची, नेमकी तिथेच. पावसासाठी तिच्याखाली ॲल्युमिनियमचा ट्रे दिलाय, ट्रॅकवर जाताना काढून ठेवायचा. म्हणजे ट्रे! इतकं सोपं. सुपरचार्जर उलटा करून इंजिनाच्या दोन फाळ्यांमध्ये खाली बसवलाय, त्यामुळे बॉनेटवर मी नंतर त्याच्यासाठी काढलेला मधला मोठा उंचवटा चुकला. उष्णता काढायला सहा रेडिएटर-कूलर. हॉर्सपॉवरचा नेमका आकडा अजून सांगत नाहीत, ७०० च्या वर एवढंच.

अण्णांना लगेच फोटो पाठवला. तिकडे रात्र झालेली, पण जागे होते. "बरोबर पाडलंय भोक," म्हणाले, जणू दापोडीतल्या कुणा पोराने पाडलं होतं. मग, "हे आतलं काय आहे?"

आतला फोटो मी तोवर नीट बघितलाच नव्हता. ड्युअल क्लच आहे, ते ठाऊक होतं. पण दांडीच नाही. तिच्या जागी एक गोल बटण आहे, फिरवायचं. ७०० घोडे, आणि ते सोडायला बटण.

"पंख्याचा रेग्युलेटर वाटतो," अण्णा म्हणाले.

वहीतलं पान काढून बघितलं. नाक बरोबर, खिडकी बरोबर, उंचवटा चूक. पांढऱ्या गोळ्याची दांडी तशीच उभी आहे. मुलीने तिला कधीतरी छत्री काढून ठेवलीये.