टेकडीचं फाटक

"अगं, मी काय बाइक आहे का?"

आज सकाळी टेकडीच्या पायथ्याशी मावशी असं म्हणाली आणि आम्ही दोघी खो-खो हसलो. समोर लोखंडी नागमोडी फाटक. दुचाक्या वर जाऊ नयेत म्हणून बसवलेलं. बरोबरच आहे म्हणा, बाइकवाल्यांनी उच्छाद मांडला होता. पण त्या वळणात मावशीच्या व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकलं ते अडकलंच.

आतली वाट सुरुवातीला चांगली सपाट, मुरमाची. कडा कुठे चढायचा होता? पहिल्या बाकापर्यंत तर जायचं होतं.

रखवालदारकाका भले माणूस. "ताई, आपण उचलून नेऊ की आजींना."

"आज उचलाल. रोज कोण उचलणार?" मावशी.

रॅम्पला 1:12 चा उतार लागतो (एक फूट उंचीला बारा फूट लांबी), 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, हे सगळं मला पाठ आहे. इथे रॅम्पही नको होता. शेजारीच मोठं फाटक होतं, जीप जाईल एवढं. कुलूपबंद.

"किल्ली साहेबांकडे असते."

मग फाटकाबाहेरच टपरीवर चहा घेतला. मावशीची नजर आत, बाकाकडे.

तुमच्याकडच्या टेकडीची किल्ली कुणाकडे असते हो?