सांगलीत बसून गेम बनवायला शिकलो, आमची वाटचाल

विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथं आमची फर्म चालते. मराठी माध्यमाच्या शाळांसाठी आणि क्लासवाल्यांसाठी मोबाईलवर चालणारे छोटे गेम बनवतो, जोडीला मार्केट यार्डातल्या अडत्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइट वगैरे. जागेचं भाडं अजून बिलिंगच भरतं हे आधीच सांगतो, कारण गेम म्हणलं की पोरांना वाटतं लगेच पैसा. पण जीव आमचा गेममध्येच आहे. आणि आमच्याकडं जेवढे लोक आहेत त्यातल्या एकानं पण गेम प्रोग्रामिंगचा कोर्स केलेला नाही, सगळे आपले आपण शिकलेत, मी पण. म्हणून कोणी विचारलं "सर सुरुवात कुठनं करू" तर मी आमची वाटचालच सांगतो.

मी आधी नुसतं बिलिंग आणि वेबसाइट करायचो, म्हणजे जावास्क्रिप्ट येत होतं, तेवढ्यावर संध्याकाळी ऑफिस बंद झालं की ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (वेबपेजवर कोडनं चित्र काढायची जागा) पाँग लिहायला घेतला. अटारीचा 1972 चा गेम, दोन फळ्या, एक बॉल आणि स्कोअर. कोणी म्हणेल एवढ्यात काय शिकणार, पण गेमचं सगळं मूळ त्यातच आहे. बिलिंग सॉफ्टवेअर माणूस बटण दाबेपर्यंत गप बसून राहतं, गेम गप बसत नाही. कोणती बटणं दाबली ते बघ, सगळ्यांच्या जागा बदल, चित्र काढ, की परत पहिल्यापासनं, सेकंदाला साठ वेळा. म्हणजे एका फेरीला साधारण 16.67 मिलिसेकंद मिळतात आणि जे काय करायचं ते तेवढ्यात. हा गेम लूप एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं त्याच्यावर चढवता येतं.

इथंच डेल्टा टाइम शिकून घ्यायचा, पुढं ढकलायचा नाही. फ्रेम म्हणजे लूपच्या एका फेरीत काढलेलं चित्र. बॉल "दर फ्रेमला पाच पिक्सेल" असा हलवला तर 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणाऱ्या फोनवर बरोबर चालतो आणि 120 हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगानं पळतो. म्हणून वेग "सेकंदाला 300 पिक्सेल" असा धरायचा आणि मागच्या फ्रेमपासनं जेवढा वेळ गेला त्यानं गुणायचं. आमच्या शाळांतल्या पोरांच्या घरी जुने, स्वस्तातले, सगळ्या तऱ्हेचे फोन असतात, त्यामुळं आमचा धंदाच या एका गुणाकारावर उभा आहे म्हणलं तरी चालेल.

पाँगनंतर विटा फोडायचा ब्रेकआउट, मग स्नेक, मग टेट्रिस. इथं घाई करू नका, टेट्रिसला वेळ द्या. 1984 चा गेम आहे, दहा रुंद आणि वीस उंच खाने, सात तऱ्हेचे तुकडे. तुकडा 90 अंशात फिरवायचा म्हणजे एक्सच्या जागी उणे वाय आणि वायच्या जागी एक्स, एवढंच गणित, पण फिरवल्यावर तो भिंतीत घुसतोय का ते आधी तपासायचं, घुसत असेल तर फिरवायचंच नाही. ओळ भरली की ती काढून वरच्या ओळी खाली आणायच्या. कागदावर खाने आखून हातानं करून बघा, मग कोड लिहा. आमच्याकडं नवीन येणाऱ्याला आम्ही अजूनही वही-पेन्सिल देतो.

गणिताला भिऊन लई पोरं मागं फिरतात, ते बघून खरंच वाईट वाटतं. दोन गोष्टींतलं अंतर काढायला पायथागोरस लागतो, दिशा काढायला साइन-कोसाइन, म्हणजे नववी-दहावीचं पुस्तक. शाळेत ते कशासाठी शिकतोय हे कळलेलं नसतं, शत्रू खेळाडूच्या मागं वळला की कळतं. गोळी सेकंदाला 2000 पिक्सेलनं सोडली तर एका फ्रेममध्ये ती 33 पिक्सेल उडी मारते, भिंत 20 पिक्सेलची असली तर धडक न होताच पलीकडं जाऊ शकते. असं काही झालं की इंजिनला (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) दोष देऊ नका, आकडे मांडून बघा.

यूट्यूबचे व्हिडिओ बघा, जरूर बघा, पण बघून झालं की बंद करा आणि आठवून लिहा, आणि एक तरी गोष्ट वेगळी करा. एआयकडनं कोड आयता घेतला तर ओळन्‌ओळ काय करते हे दुसऱ्याला मराठीत सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो कोड तुमचा नाही. आणि गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन, पहिल्या गेमपासनं वापरा.

इंजिन नंतर. आम्ही गोडॉट घेतला, 2014 पासनं ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, फुकट आहे, रॉयल्टी नाही, जुन्या लॅपटॉपवर पण उघडतो आणि त्याची जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी दिसते. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत नोकरीच करायची असेल तर युनिटी आणि सी शार्प शिका, त्यात वाद नाही.

आमची खरी परीक्षा मराठी अक्षरांनी घेतली. पहिला शाळेचा गेम हातात आला, शब्द जुळवायचा, आणि स्क्रीनवर "किल्ला" लिहिला की पहिली वेलांटी क च्या पलीकडं जायची आणि जोडाक्षराचा पाय मोडून ल् आणि ला सुटे दिसायचे. देवनागरीत अक्षरं एकापाठोपाठ एक नुसती ठेवून चालत नाही, त्यांची जुळणी करावी लागते, आणि तेव्हाच्या गोडॉट 3 मध्ये ती सोय नव्हती. मग प्रत्येक शब्दाचं चित्र करून वापरलं, शब्द बदलला की चित्र परत. 2023 च्या मार्चमध्ये गोडॉट 4 आला, त्यात ही जुळणी आतच होती, आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा "किल्ला", "श्रीकृष्ण", "र्‍हस्व" टाइप करून बघितलं. सगळं बरोबर आलं. मराठीत गेम बनवणाऱ्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला सांगता येणार नाही.

लोक कसे मिळाले, तर गेम दाखवून. तासगावची एक मुलगी आली, बी.ए. करत होती, तिनं एसटी कंडक्टरचा गेम बनवलेला, पुढचा स्टॉप यायच्या आत सगळ्यांना तिकीट आणि सुट्टे पैसे द्यायचे. चित्रं म्हणजे नुसते चौकोन. पण त्यात पॉज होता, आवाज बंद करायचं बटण होतं, स्कोअर सेव्ह होत होता, आणि गेम संपल्यावर परत सुरू होत होता. पूर्ण गेम म्हणजे हे. निम्म्यात सोडलेले मोठमोठे ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठंही मोकळं फिरता येणारे गेम, मी भरपूर बघितलेत, त्यातनं माणूस काय शिकला हे कळत नाही. तिला घेतलं, आज शाळांच्या गेमचं निम्मं काम तिच्याकडं आहे.

ती चित्रांसाठी थांबली नव्हती हे पण बघा. केनी (Kenney) नावाच्या साइटवर गेमसाठी चित्रं आणि आवाज फुकट मिळतात, धंद्यात वापरले तरी चालतात. गेम झाला की इच डॉट आयओ (itch.io) या छोट्या गेमच्या साइटवर टाका, पैसे लागत नाहीत. प्ले स्टोअरला एकदाच 25 डॉलर भरावे लागतात, आणि नव्या पर्सनल अकाउंटला आधी 12 टेस्टरकडनं सलग 14 दिवस टेस्ट करून घ्यावं लागतं, तर वर्गातल्या मित्रांना आत्ताच धरून ठेवा. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास ग्लोबल गेम जॅम असतो, थोडक्या वेळात एक गेम पूर्ण करायचा, त्याची पण सवय लावून घ्या.

आणि टेस्ट घेताना समोरच्याच्या हातात फोन द्या आणि गप बसा. "इथं दाब" म्हणायचं नाही. तो कुठं अडकतो ते वहीत लिहा आणि घरी येऊन तेवढंच दुरुस्त करा.

सध्या आम्ही पाढ्यांचा एक गेम करतोय, ग्रामीण शाळांसाठी, इंटरनेट नसताना चालणारा. जत-आटपाडीकडच्या पोरांच्या फोनवर तो चालला पाहिजे म्हणून साइझ कमी करणं चाललंय. ज्यांनी आपला एखादा छोटा गेम पूर्ण केलाय त्यांनी शनिवारी दुपारी फोन घेऊन या, बसून खेळू आणि कोड बघू.